रेषा झाल्या, माणसं कुठे गेली?

पुण्याहून पौड रस्त्याने भूगाव, भुकूम मागे पडलं की पिरंगुटचा घाट लागतो. रात्री इथे ट्रायपॉड रोवून, आयएसओ १०० आणि ॲपर्चर एफ/११ ठेवून शटर ३० सेकंद उघडं ठेवलं, की गाड्या फोटोतून गायब होतात. उरतात त्या येणाऱ्यांच्या पांढऱ्या आणि जाणाऱ्यांच्या लाल रेषा. असे फोटो आता पैशाला पासरी झालेत. पिरंगुट, कात्रज की ताम्हिणी, खालचं नाव झाकलं तर सांगता येऊ नये.

खरं तर त्या रेषांत वाचण्यासारखं बरंच असतं. चढावर दमलेल्या ट्रकची रेष ठसठशीत येते, कारण तो प्रत्येक जागी जास्त वेळ रेंगाळतो. भरधाव मोटारसायकल फिकट उमटते. चालू इंडिकेटर नारिंगी, तुटक रेघ काढतो. काही एलईडी टेललाइट डोळ्यांना अखंड वाटतात, पण त्यांची उघडझाप इतकी वेगवान असते की फोटोत त्यांचे सुटे ठिपके पडतात. हे बघायला थांबतो कोण? एडिटिंगमध्ये आकाश निळंशार केलं की काम झालं.

लांब एक्स्पोजरच्या या तंत्रातली भुताटकी खरी रंगते ती माणसांपाशी. १८३८ च्या सुमारास फोटोग्राफीचा आद्य प्रवर्तक दागेर याने पॅरिसमधला बुलव्हार द्यु तांप्ल हा रस्ता टिपला. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे वर्दळीचा रस्ता ओस पडलेला दिसतो. बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा उमटलाय. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियन फोटोग्राफर अलेक्सी तितारेंकोने सेंट पीटर्सबर्गमधली मेट्रोच्या दारातली गर्दी धुरासारखी विरवली, पण कठड्यावरचे हात राहू दिले. रघु राय यांच्या १९९५ च्या चर्चगेट स्टेशनच्या फोटोत लोंढा पुसट होत जातो आणि पेपर वाचणारे जागच्या जागी ठाम. तिन्ही ठिकाणी अंगावर काटा आणतो तो न हललेला.

आपल्या घाटफोटोंत नेमका तोच नसतो. पिरंगुटला कारखाने आहेत, नाक्यावर रात्री गाडीची वाट बघत उभी माणसं आहेत. दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजरही पुरे: उभा माणूस बऱ्यापैकी शाबूत राहतो, मागून ट्रक ओघळत जातो. फोनच्या नाइट मोडमध्ये मात्र हे अवघड. २०१८ मध्ये गूगलने पिक्सलवर ‘नाइट साइट’ आणलं, पुढच्या वर्षी आयफोनला नाइट मोड मिळाला. दोन्ही अनेक फ्रेम जुळवून चित्र स्थिर करतात. हललेलं म्हणजे बिघडलेलं, हेच त्यांचं गणित.

फ्रेमवर फ्रेम रचून वेळ साठवण्याचाही एक प्रकार आहे, काजव्यांचा. २०२३ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत गौरवलेलं श्रीराम मुरली यांचं काजव्यांचं चित्र प्रत्येकी १९ सेकंदांच्या ५० फ्रेमचं आहे. म्हणजे सुमारे १६ मिनिटांचा लखलखाट एकत्र. ही माहिती चित्रासोबत उघड दिलेली आहे. पुरुषवाडी, भंडारदऱ्याच्या काजव्यांचे फोटो फिरतात त्यांखाली असं काही क्वचितच सापडतं. मग पावसाच्या तोंडावर तिथे पोचलेला पर्यटक एका नजरेत तेवढेच काजवे शोधतो, दिसत नाहीत म्हणून मोबाइलचा टॉर्च लावतो आणि त्या उजेडात काजव्यांचे एकमेकांना चाललेले इशारेच बिघडतात.