बोटीवरचे पोटशास्त्र

नाटकाचे परीक्षण फुकटच्या पासावर लिहावे की तिकीट काढून, हा वाद फार जुना आहे. मी एका साप्ताहिकात अकरा वर्षे नाट्यपरीक्षणे लिहिली आणि ती झाडून सगळी पासावर लिहिली. पास तिसऱ्या रांगेतला असला की माझी लेखणी जरा मवाळ होई, आणि खांबाआडचा मिळाला की नाटकाच्या रचनेतले दोष मला फार स्पष्ट दिसत. साप्ताहिक केव्हाच बंद पडल्यामुळे आता हे कबूल करायला हरकत नाही. सांगायचा मुद्दा असा, की आज ज्या प्रयोगाचे परीक्षण करायला बसलो आहे त्याचाही पास फुकटचाच होता. तो माझ्या भाचीने काढून दिला होता. तेव्हा वाचकांनी माझे मत त्या हिशेबाने घ्यावे.

भाची न्यू जर्सीत पोटाची डॉक्टर आहे. अमेरिकेत एकदा डॉक्टर झाले म्हणजे सुटलो, असे नसते. न्यू जर्सी राज्यात परवाना टिकवायचा तर दर दोन वर्षांत १०० तास शिकावे लागते. आपल्या महाराष्ट्रातही डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. या शिक्षणाला तिकडे आणि इकडेही सी.एम.ई. म्हणतात. आता हे तास कुठे बसून भरावेत? कायदा एवढेच सांगतो की भरा. म्हणून कोणा कल्पक माणसाने हा वर्ग उचलून थेट बोटीवर नेऊन ठेवला. बोट फ्लॉरिडातून निघते, कॅरिबियन समुद्रात सात रात्री हिंडते आणि निघाली तिथेच परत येते. मधल्या काळात डॉक्टर मंडळींना जठर, यकृत आणि आतडी यांतले अद्ययावत ज्ञान प्राप्त होते, आणि सोबत आलेल्या मामा-मामींना वजन.

प्रथम या प्रयोगाच्या संहितेविषयी, म्हणजे माहितीपत्रकाविषयी. मी ते वाङ्मय म्हणूनच वाचले. पहिल्या पानावर निळा समुद्र. दुसऱ्या पानावर त्याहून निळा समुद्र आणि आरामखुर्चीत पहुडलेले जोडपे. पोटाच्या वर्गाचे माहितीपत्रक असून साऱ्या पत्रकात पोट काय ते त्या जोडप्यातल्या गृहस्थाचेच दिसत होते. अभ्यासक्रम चौथ्या पानावर तळाशी, औषधाच्या बाटलीवर दुष्परिणाम छापतात तेवढ्या टायपात. पण तेथे एकदम शैली बदलते. 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली सगळी क्रियापदे भविष्यकाळात सुरू होतात: शिबिरार्थी ओळखू शकेल, निवडू शकेल, तुलना करू शकेल. भविष्यकाळाचा इतका सढळ वापर मी आपल्याकडे फक्त वार्षिक राशिभविष्यात पाहिला आहे.

तरीही या वाङ्मयप्रकारातली सर्वश्रेष्ठ विनोदी कलाकृती माहितीपत्रक नव्हे. ती अमेरिकेचा आयकर कायदा आहे. भाचीने तो जेवताना समजावून सांगितला. बोटीवर भरलेल्या परिषदेचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. पण वर्षाला २,००० डॉलरपर्यंतच, बोट अमेरिकेत नोंदलेली असली तरच, आणि ती ज्या ज्या बंदराला लागेल ते ते अमेरिकेचे किंवा तिच्या ताब्यातल्या मुलखाचे असले तरच. शिवाय रोज किती तास अभ्यास केला ते लिहून, सही करून, आयोजकाच्या सहीसह जोडायचे. सरकारला डॉक्टरांची नस अचूक सापडलेली आहे! आमची बोट नोंदलेली होती बहामात आणि लागणार होती मेक्सिकोतल्या कोझुमेलला. म्हणजे आयकर खात्याच्या दृष्टीने आम्ही सरळसरळ मजा मारायला निघालो होतो. आमच्या बोटीवर समीक्षेची खरी नजर असलेले तेवढे एकच खाते निघाले, आणि तेही बोटीवर नव्हते.

वर्ग भरतात ते बोट बंदरात नसेल त्या दिवशी, कारण बंदर आले की विद्यार्थी आणि गुरुजी दोघेही उतरून जातात. असे तीन दिवस होते. दिवसाला चार तास, एकूण बारा तास. सोबत्यांना आत बसायची बंदी नव्हती. बहुधा कोणी सोबती आपण होऊन आत येईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसावे. मी आणि आमची ही शेवटच्या रांगेत बसलो. जुनी सवय.

प्रयोग सुरू होतो नांदीने. प्रत्येक वक्ता पहिल्या चित्रावर जाहीर करतो की मला अमुक कंपनीकडून पैसे मिळतात, किंवा माझे कोणाशी काही लागेबांधे नाहीत. हा तिकडचा नियमच आहे. मला तो फार आवडला. नटाने पडदा वर जाताच "माझा मेव्हणा या नाटकाचा निर्माता आहे" असे सांगावे, तसेच हे. आपल्या परीक्षणलेखकांनाही हा नियम लागू केला असता तर माझी अकरा वर्षे पास जाहीर करण्यातच गेली असती.

पहिल्या दिवशी छातीत जळजळ या विषयावर एक तरतरीत गृहस्थ बोलले. झोपण्यापूर्वी तीन तास काही खाऊ नये, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी, डाव्या कुशीवर झोपावे. सुबोध, मुद्देसूद, नेटके. मला ही सगळीच लक्षणे असल्याने मी वहीत टिपून घेतले. त्याच रात्री साडेअकरा वाजता मी सहज, केवळ निरीक्षणासाठी, वरच्या मजल्यावरच्या खाद्यदालनात गेलो तर हेच गृहस्थ हातात पिझ्झाचे दोन त्रिकोण घेऊन उभे. आमची नजरानजर झाली. त्यांनी माझ्या बशीकडे पाहिले, मी त्यांच्या. दोघांनीही व्यावसायिक सभ्यता पाळली.

वास्तविक पोटाच्या डॉक्टरांचा वर्ग भरवायला बोटीसारखी जागा नाही. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत मुदपाकखाना चालू, आणि हजारो माणसे एकाच चमच्याने वाढून घेतात. नोरोव्हायरस नावाचा पोटाचा संसर्ग बोटींवर फार प्रेम करतो. याचे नाव ओहायोतल्या नॉरवॉक गावावरून पडले. १९६८ साली तिथल्या एका शाळेत साथ आली होती. बोटीवर तीन टक्के प्रवाशांना किंवा खलाशांना अशी बाधा झाली की अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र त्या बोटीचे नाव चारचौघांत जाहीर करते. आमच्या दालनाच्या दाराशी एक हसतमुख तरुणी प्रत्येकाच्या तळहातावर जंतुनाशक जेलचा थेंब सोडत असे. भाची मात्र प्रत्येकाला नळाकडे पिटाळी. "त्या जेलनं हा व्हायरस नीट मरत नाही. साबण आणि पाणी!" यावर आमची ही म्हणाली, "बाहेरून आलं की आधी हातपाय धू, हे सांगायला तुम्हाला बोट काढावी लागली?" बारा तासांत इतकी परखड समीक्षा दुसरी झाली नाही.

आणि आता माझी मुख्य तक्रार. बोटीवर वैद्यकाचे शिक्षण ही कल्पना मुळात थट्टेची नव्हेच. १७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश आरमारी जहाजावर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने स्कर्व्हीने खंगलेले बारा खलाशी घेतले, त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी. आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, पण तोवर त्या दोघांतला एक कामावर जाण्याइतका ठणठणीत झाला होता. औषधांची अशी शिस्तीत तुलना त्यापूर्वी क्वचितच कोणी केली असेल. पुढे आरमाराने सर्वांना लिंबाचा रस द्यायचे ठरवले १७९५ साली, म्हणजे लिंड वारल्याच्या दुसऱ्या वर्षी. सरकारी फाईल समुद्रावरही तितकीच सावकाश चालते. तर लिंडचे नाव बोटीवर बारा तासांत एकदाही निघाले नाही. लिंबे मात्र होती. ती पेल्याच्या काठाला खोचलेली होती.

दुसऱ्या दिवशी जुलाबांवर व्याख्यान झाले. त्यात मीठ-साखरेच्या पाण्याला एक ओळ मिळाली. एक! १९७१ साली बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांना सांगितले, पेल्याने पाजत राहा. शंभरातली तीसेक माणसे जायची तिथे चारच्याही आत जाऊ लागली. ही छावणी म्हणजेसुद्धा एक वर्गच होता, आणि तिथे शिकणाऱ्याला क्रेडिट पॉइंट कोणी दिले नाहीत. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले २०२३ मध्ये, मृत्यूनंतर. वक्त्याने ती ओळ वाचली आणि पुढच्या चित्राकडे वळला. पुढचे चित्र एका नव्या, महागड्या गोळीचे होते. मी तावातावाने उठणार होतो. हिने माझा शर्ट मागून धरला.

दुपारी डेकवर मी भाचीला सगळे ऐकवले. हा वर्ग नव्हे, ही जत्रा आहे. ज्ञान हे निमित्त आहे. हेच बारा तास तुला घरी बसून फुकट भरता आले असते. तिने शांतपणे ऐकून घेतले. पलीकडे तिची मुलगी पोहण्याच्या तलावात आमच्या हिला पाण्यात ओढत होती.

"मामा, घरी बसून बारा तास भरते ना मी. दर वर्षी भरते. रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडते, पोरगी झोपल्यावर. त्यातलं काय लक्षात राहतं ते विचारू नकोस. इथं निदान जागी असते. आणि तुला खरं सांगू? तिनं या वर्षात मला दिवसाउजेडी पाहिलं ते इथंच."

यावर मला उत्तर सुचले नाही. परीक्षणलेखकाला प्रयोगाची तालीम कुठल्या हालात झाली ते कोणी सांगत नाही, हे एका अर्थी बरेच असते.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे प्राध्यापक बोलायला उभे राहिले. संपूर्ण प्रयोगातला खरा नट हाच. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलने १९८४ साली पोटातल्या अल्सरचे कारण जंतू आहे हे पटवण्यासाठी त्या जंतूंचा पेलाच कसा पिऊन टाकला आणि पुढे त्याला व रॉबिन वॉरनला २००५ साली नोबेल कसे मिळाले, हे त्यांनी पडद्यावर एकही चित्र न टाकता सांगितले. मग मोठ्या आतड्याच्या कॅन्सरकडे वळले. हा बहुतेक वेळा एका बारक्याशा मोडापासून सुरू होतो, मोडाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात, आणि तेवढ्या अवधीत कोणी दुर्बीण घालून पाहिले तर तारेच्या फासाने मोड तिथल्या तिथे कापून काढता येतो. अमेरिकेत म्हणून आता ४५ व्या वर्षापासून तपासणी करा म्हणतात. घरात सख्ख्या भावंडाला झाला असेल तर त्याहूनही आधी.

मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "या खोलीत असे किती जण आहेत? हात वर करा."

आमच्या दादाने दोन वर्षे "मूळव्याध आहे, होईल बरी" म्हणून काढली. रक्त पडत होते ते त्याने वहिनींनाही सांगितले नाही. आमच्या घरात पोट बिघडले एवढे बोलत. त्याखालचा भाग संभाषणात येत नसे. भाचीला फोनवर म्हणाला होता, "जरा पोट साफ होत नाही गं, एखादी गोळी सांग." ती तेव्हा शिकत होती. तिने गोळी सांगितली.

मी वही चाळू लागलो. हातात पेनही होते, त्यामुळे हात मोकळा नव्हता. शेजारी भाची सरळ समोर पाहत बसली होती. तिचा हात मी हात या शब्दाचा अर्थ लावेपर्यंत वर गेला होता. दादा तिचा मामा, भाऊ नव्हे. म्हणजे नियमाने तिचा हात चुकीचा होता. मग आमच्या हिने माझे मनगट धरले आणि एखाद्या पोराचा वर्गात धरावा तसा माझा हात वर केला. त्या बोटीवर तोवर मी फक्त तिसरा लाडू मागताना हात वर केला होता. (लाडू नव्हता तो, पण आकार तोच.)

"वय?" प्राध्यापकांनी विचारले.

"एकाहत्तर," ही मराठीत म्हणाली. भाचीने भाषांतर केले.

"आणि तपासणी?"

याचे भाषांतर कोणालाच करावे लागले नाही.

प्रयोगाचे एकूण मूल्यमापन द्यायची पद्धत आहे, म्हणून देतो. संहिता सैल, नेपथ्य भपकेबाज, दुसऱ्या अंकातला मीठ-साखरेचा प्रवेश अक्षम्य तऱ्हेने कापलेला. तिकीट भाचीला न परवडणारे नव्हते, पण ते काढायला लागू नये असे वाटणारे. एका नटासाठी पाहावा. त्याचा प्रवेश चाळीस मिनिटांचा होता. बाकीचे सगळे त्यासाठी सहन केले असे म्हणायला मी तयार आहे, जेवणासकट.

पुण्याला परतून तीन आठवडे झाले. उद्या सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. त्यासाठी आज संध्याकाळपासून एक द्रावण प्यायचे आहे, दर पंधरा मिनिटांनी एक पेला, जग संपेपर्यंत. चव म्हणाल तर लिंबाचा आरोप असलेले समुद्राचे पाणी. लिंडच्या त्या दुर्दैवी जोडीची मला आता चांगली कल्पना आली आहे. भाचीने तिकडून दोनदा फोन केला. ही पेले मोजते आहे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून "अहो, वेळ झाली" म्हणते आहे. या द्रावणावर स्वतंत्र परीक्षण लिहिण्याचा विचार होता, परंतु हा पाचवा पेला आहे आणि मला आता फार घाईने उठावे लागत आहे.