लाल-होलुद, सबुज-मेरुन

बंगालीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला फुटबॉल फार काळ टाळता येत नाही. कथेत कुठे ना कुठे कलकत्त्याचं मैदान येतं, आणि मैदान आलं की जर्सी येते. गेले काही महिने मी मोहनबागान आणि ईस्ट बंगाल या दोन क्लबांच्या चाहत्यांनी आपल्या जुन्या जर्सीबद्दल लिहिलेले मजकूर मराठीत आणते आहे. दोन-दोन, तीन-तीन पानांचं लेखन. लिहिणारे बँकेतले, शाळेतले, निवृत्त लोक. हे साहित्य आहे का, हा प्रश्न मला छळत नाही. त्याच्या आधीच्याच पायरीवर मी अडकले आहे: रंगांचं मराठी काय करायचं?

बंगालीत ईस्ट बंगालचं नाव घ्यावंच लागत नाही. ‘लाल-होलुद’ म्हटलं की पुरे. मोहनबागान म्हणजे ‘सबुज-मेरुन’. इंग्रजी बातम्यांमध्ये यातली पहिली जोडी ‘रेड अँड गोल्ड’ होते, म्हणजे सोनं. बंगालीत सोनं नाही, हळद आहे. होलुद हा रंगही आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातला जिन्नसही. लग्नाआधी अंगाला हळद लावतात त्या विधीचं नावच ‘गाये होलुद’. क्लबाची एक आख्यायिका अशी की संस्थापक जर्सी शोधत चौरंगीवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या गोऱ्या साहेबांच्या दुकानात गेले आणि तिथे टांगलेला एक लाल-पिवळा शर्ट त्यांना आवडला. क्लब १९२० चा. दुकानदाराच्या लेखी तो ‘गोल्ड’ असेल, पण घरी येईपर्यंत त्याची हळद झाली. एवढ्या प्रवासात जे घडलं ते मला कुठल्याही विजयापेक्षा मोठं वाटतं.

आता मराठी. लाल आणि हळद शेजारी ठेवा, मराठी कान लगेच हळदीकुंकू ऐकतो. मोह मोठा होता. ‘हळदीकुंकवाच्या रंगाची जर्सी’ हे वाक्य वहीत लिहून मी दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. वाचायला छान वाटतं. पण त्या शब्दामागून संक्रांतीचं वाण, अत्तरगुलाब, बायकांनी बायकांना दिलेलं आमंत्रण सगळं आत येतं. कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हा जुना क्रूर हिशेबही येतो. १९९७ मध्ये सॉल्ट लेकच्या मैदानावर फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सव्वा लाखाच्या वर माणसं होती. ईस्ट बंगालने मोहनबागानला ४-१ हरवलं, बायचुंग भुतियाने तीन गोल केले. त्या गर्दीला हळदीकुंकवाला बसवायचं? नाही जमत.

दुसऱ्या जोडीची अडचण जरा विनोदी आहे. ‘मेरुन’ मराठी लिपीत आणि मराठी उच्चारात ‘मरून’ होतो, आणि ‘हिरवा-मरून’ वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी मरून गेलं. मराठीत रंगांची तूट नाही; उलट चैन आहे. डाळिंबी, वांगी, मोरपंखी, अबोली, श्रीखंडी. पण हे शब्द आले साडीच्या दुकानातून आणि स्वयंपाकघरातून. ‘हिरवा-डाळिंबी’ म्हटलं की पैठणीचे काठ दिसतात, चिखलात घसरलेला बचावपटू दिसत नाही. आणि मला वाटतं, मेरुनचं परकेपण ठेवायलाच हवं. हा इंग्रजीतून आलेला शब्द, इंग्रजीत फ्रेंचमधून आलेला, मुळात चेस्टनटच्या फळाचा रंग. २९ जुलै १९११ ला ज्या क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी असताना जिंकली, त्याच्या अभिमानाचा अर्धा रंग इंग्रजी नावाने राहतो. चाहत्यांना याचं काहीच वाटत नाही, आणि तेच बरोबर आहे. शब्द वापरून वापरून त्यांचा झाला.

१९११ च्या त्या संघाचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते कृष्णधवल आहे. म्हणजे त्या सर्वांत पवित्र जर्सीचा रंग आज हयात असलेल्या कोणीही पाहिलेला नाही. त्या काळच्या काचांवरच्या रसायनाला तांबडा रंग जवळपास काळाच दिसे. रंग आपल्यापर्यंत आला तो शब्दांतून.

याचा सगळ्यात चांगला पुरावा मला जबलपूरमध्येच मिळाला. इथे बंगाली कुटुंबं पुष्कळ. त्यातली बरीच तोफगाडी कारखाना आणि खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या निमित्ताने आली. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना मी मेशोमोशाय म्हणते, तरुणपणी कधी कलकत्त्याच्या मैदानावर गेले नव्हते. हावडा मेल अलाहाबादवरून जबलपूरला येते. तिच्यातून शिळं वर्तमानपत्र यायचं, त्यातले फोटो काळे-पांढरे. देशात रंगीत दूरदर्शन आलं १९८२ मध्ये, तोवर त्यांची चाळिशी उलटली होती. तरीही लाल-होलुदमधला होलुद नेमका कोणता, हे ते ठामपणे सांगतात: “कच्ची हल्दी, पिसी हुई नहीं.” कापलेल्या ओल्या हळदीच्या आतला, किंचित नारिंगीकडे झुकणारा. ही त्यांची आठवण आहे, आणि ती त्यांनी पाहिलेल्या कशाचीच नाही. खोटी म्हणून ती बाजूला ठेवता येईल. मी ठेवणार नाही. वाचनाने घडलेली आठवण म्हणजे काय, हे समजावायला तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला जे जे वाचायला लावलं त्यापेक्षा हे अर्धं वाक्य जास्त कामाचं आहे.

मेशोमोशायांचं घर मूळचं बरिशालचं. इथे ‘होम किट’ या शब्दाशी गाठ पडते. इंग्रजीत होम म्हणजे यजमान मैदान: घरी खेळताना हा शर्ट, पाहुणे म्हणून जाताना तो. कलकत्त्याच्या डर्बीत दोन्ही संघ त्याच शहरातले, मोठे सामने सॉल्ट लेकच्या सामायिक मैदानावर. कोण घरचा, कोण पाहुणा, हे फक्त कागदावर ठरतं. त्यातून ईस्ट बंगालच्या नावातलं घर १९४७ नंतर सरहद्दीपलीकडे गेलं. ज्यांचं घर, पुकूर, सुपारीची झाडं तिकडे राहिली त्यांच्यासाठी दर आठवड्याला अंगावर घालता येईल असं घर एकच उरलं. या लोकांच्या लेखनात ‘होम किट’ कधी येतच नाही. ‘आमादेर जार्सी’ येते. आमची जर्सी. मराठीत ‘घरची जर्सी’ म्हटलं तर ती घरात घालायची, उसवलेली, बाजारात घालून न जाण्यासारखी वाटते. म्हणून मीही ‘आमची’च ठेवलं. जबलपुरातल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि मागच्या पिढीने ‘आमच्याकडे’ हा शब्द आयुष्यभर नेमक्या कोणत्या गावासाठी वापरला, ते मला अजून सांगता येत नाही.

जुनी जर्सी विसरलीही जाते, तीही ठरवून. ब्राझीलचा पिवळा सदरा सगळ्या जगाला ठाऊक. त्याआधीचा पांढरा, निळ्या कॉलरचा, कोणाला आठवतो? १६ जुलै १९५० ला माराकानावर उरुग्वेकडून २-१ हरल्यावर तो अपशकुनी ठरला. १९५३ मध्ये ‘कोरेयु दा मान्या’ या वर्तमानपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. अट एकच, राष्ट्रध्वजाचे चारही रंग हवेत. जिंकला आल्दिर गार्सिया श्ली नावाचा विशीच्या आतला मुलगा. तो उरुग्वेच्या सरहद्दीवरच्या जाग्वारांव गावचा. पुढे लेखक झाला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत लिहू लागला, सार्मियेन्तोचं ‘फाकुंदो’ त्याने पोर्तुगीजमध्ये आणलं, आणि मनाने तो उरुग्वेच्या संघाचा पाठीराखा होता. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जर्सीचा जनक एक सरहद्दीवरचा अनुवादक, आणि तोही दुसऱ्या बाजूचा. आमच्या धंद्यातल्या माणसाने याहून मोठं काम केल्याचं मला माहीत नाही. तो पांढरा सदरा २०१९ च्या कोपा अमेरिकात एकदा परत घालण्यात आला, शंभर वर्षांपूर्वीच्या विजेतेपदाची आठवण म्हणून. तोवर अपशकुन उतरला होता.

ब्राझीलमध्ये कापड बदललं, नाव तेच राहिलं. कलकत्त्यात २०२० मध्ये नेमकं उलट झालं. मोहनबागानचा फुटबॉल संघ एटीकेशी जोडला गेला. एटीके म्हणजे २०१४ मध्ये आयएसएलबरोबर जन्मलेला, माद्रिदच्या आत्लेतिकोच्या धर्तीवर लाल-पांढरे पट्टे घालणारा संघ. जुलैमध्ये नव्या संचालक मंडळाने जाहीर केलं की हिरवा-मेरुन रंग आणि शिडाच्या नावेचं चिन्ह कायम राहील. म्हणजे जर्सी वाचली. मात्र संघाचं नाव झालं एटीके मोहनबागान. चाहत्यांना आनंद व्हायला हवा होता, असं बाहेरच्यांना वाटत होतं. झालं भलतंच. पुढची तीन वर्षं फलक, घोषणा, बहिष्कार. मागणी एकच, ती अक्षरं काढा. १८ मार्च २०२३ ला गोव्यात बेंगळुरूला पेनल्टींवर हरवून संघाने आयएसएल जिंकली, आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचं सांगितलं.

या तीन वर्षांत लिहिलेले मजकूर मला सगळ्यात जिवंत वाटतात. रंग तोच, सूत तेच, पण ‘माझी नाही’ ही तक्रार कपड्याकडे बोट दाखवून सिद्ध करता येत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला शब्द शोधावे लागतात. एरवी या प्रकारच्या लेखनाचा दोष उघड आहे: ते यादी होतं. कोणत्या वर्षी कॉलर गोल, कोणत्या वर्षी पट्टे रुंद, कोणत्या वर्षी छातीवर कोण प्रायोजक. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन्ही वैऱ्यांच्या नावाआधी एकाच मद्यसमूहाच्या छापा आल्या, मॅकडॉवेल मोहनबागान आणि किंगफिशर ईस्ट बंगाल. यातला विनोदसुद्धा अनेकांच्या हातून सुटतो, कारण ते संग्राहकाच्या चष्म्यातून बघतात. जर्सी त्यांच्याकडे घडी घालून ठेवलेली असते. आत शरीर नसतं. ती कोणी धुतली, भाऊ वापरून झाल्यावर कोणाला आली, रंग उडाल्यावर फरशी पुसायला गेली का, याबद्दल अक्षर नाही.

मती नंदींच्या ‘स्टॉपर’मध्ये शरीर आहे, आणि म्हणून या लेखकांनी परत त्यांच्याकडे जावं असं मला वाटतं. कमल गुहा हा उतरणीला लागलेला बचावपटू. ज्या ‘युगेर यात्री’ने त्याचा अपमान केला त्याच क्लबाविरुद्ध तो शोभाबाजारसारख्या फाटक्या संघातून उभा राहतो. ‘युगेर यात्री’ हा क्लब कल्पित, तरी वाचणाऱ्याला रंग दिसू लागतात. कारण जर्सी बदललेल्या माणसाची लाज आणि ईर्षा तिथे आहे.

मराठीत हे लेखन आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी कोल्हापूरकडे बोट दाखवीन, आणि लगेच सांगीन की ते तिथे लिहिलेलं कमी आणि बोललेलं जास्त आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल: क्लबांची नावं तालमींची. तालमीत अंगावर लंगोट, आणि त्याच तालमीच्या नावाने राजर्षी शाहू स्टेडियमवर जर्सी. मैदान सगळ्यांचं एकच, तेव्हा यजमान-पाहुणे हा भेद तिथेही लटका. घर म्हणजे पेठ. वर्ल्ड कप आला की त्याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात, आणि श्लीचा पिवळा रंग चौकाचौकांत फलकांवर चढतो. ‘जर्सी’ हा शब्द तिथल्या दूधवाल्याला गाय वाटतो ते वेगळंच. या माणसांच्या जुन्या जर्सींच्या गोष्टी कोणी कोल्हापुरीतच लिहून काढल्या, तर त्यांचं बंगाली करायला मी तयार आहे. लाल-होलुद मात्र मी मराठीत लाल-होलुदच ठेवला आहे. तळटीप दिलेली नाही.