परक्या डोळ्यांसाठी आपले शेत

चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखविले जाणारे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. १९४८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने देशवासीयांना देश दाखविला. पुढे मात्र आपल्या विदर्भावर जे अनुबोधपट निघाले, त्यांची दृष्टी जगभरच्या प्रेक्षकाकडे होती. परक्या माणसाला आपले दुःख समजावून सांगताना त्या दुःखाचे काय होते, हा प्रश्न दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११) हे दोन अनुबोधपट पाहताना सतत मनात येतो. दोन्हींचा विषय एकच, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

पेलेड यांची रचना शिकण्याजोगी आहे. जागतिकीकरणावरील त्यांच्या चित्रत्रयीचा हा शेवटचा भाग. पहिला अमेरिकेतील महादुकानावर, दुसरा चीनमधील जीन्सच्या कारखान्यावर आणि तिसरा आपल्या कपाशीच्या शेतावर. अंगावरील कपड्याचा माग काढीत परदेशी प्रेक्षक यवतमाळच्या खेड्यात पोहोचतो आणि हा प्रश्न आपलाही आहे हे त्याला उमगते. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा एक हंगाम हेच कथासूत्र. एक शेतकरी, त्याचे कर्ज, उपवर मुलगी आणि वडिलांच्या आत्महत्येनंतर पत्रकार होऊ पाहणारी शेजारची तरुणी, एवढ्या मोजक्या माणसांतून सारा प्रांत उभा राहतो.

परंतु सुबोधतेची किंमत मोजावी लागते. २००२ साली परवानगी मिळालेले बीटी बियाणे येथे मुख्य आरोपी ठरते. बियाण्याचा खर्च व त्यापायी वाढलेले कर्ज खरे आहे. पण कोरडवाहू शेती, पडलेले भाव, बँकेने नाकारलेले पीककर्ज व सावकारी व्याज यांचे ओझेही तितकेच जड आहे. आमच्या भातकुली तालुक्याचेच पाहा. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाण पट्टा. जमीन काळी, कसदार. पण भूगर्भातील पाणी खारे. ते पिकाला दिले तर जमीनच नासते. अशा ठिकाणी ‘विहीर खोदा’ हा सल्ला निरर्थक ठरतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. हे दुःख एका खलनायकाच्या कथेत मावत नाही.

भाटिया यांनी दुसरी वाट धरली. पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत त्यांचा कॅमेरा आत्महत्याग्रस्त घरांत जातो आणि शहरी सभागृहांतही. रोमन इतिहासकार टॅसिटसने नीरोच्या उद्यानात रात्री उजेडासाठी माणसे जाळल्याचे लिहिले आहे. तो उजेड पाहणारे पाहुणे कोण होते, हा साईनाथांचा सवाल प्रेक्षकालाच कठड्यात उभा करतो. हे सामर्थ्य मोठे; मात्र शेतकऱ्याच्या घरातील आवाजापेक्षा साईनाथांचाच आवाज अधिक काळ कानात राहतो.

हा पेच जुना आहे. १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’साठी रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी बंदुका वापरू लागलेल्या इन्युइट शिकाऱ्यांना भाल्याने शिकार करावयास लावले, कारण दूरच्या प्रेक्षकाला ‘प्राचीन’ जीवन पाहावयाचे होते. परक्याच्या अपेक्षेप्रमाणे वास्तव वाकविण्याचा मोह तेव्हापासून या कलेच्या मागे लागला आहे. आज तो दारिद्र्याच्या रूपाने येतो: विधवेचे अश्रू हवेत, पण तिने बचतगटात मांडलेला हिशेब नको.

आता आपल्या तरुणांच्या हाती भ्रमणध्वनीतील कॅमेरा आहे. त्यांनी पेलेड यांच्याकडून हंगामाची शिस्त घ्यावी आणि भाटिया यांच्याकडून प्रेक्षकाला प्रश्न विचारण्याचे धैर्य. त्याखेरीज एक नियम स्वतः घालून घ्यावा: ज्या घराचे दुःख टिपले, त्या घराला तो पट आधी दाखवावा. ‘दुबार पेरणी’ म्हणजे काय, हे परदेशी प्रेक्षकाला एका ओळीच्या तळटिपेत कळणार नाही. बियाण्याचे रिकामे पोते, पुन्हा काढलेले कर्ज आणि कोरडे आभाळ दाखविले, तर कळेल. आणि ते चित्र पाहून त्या घरातील माणूस ‘हे आमचेच’ असे म्हणाला, तरच तो पट जगासमोर नेण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.