नावांचं गाणं

जनेल मोनेचं ‘हेल यू टॉमबाउट’ (2015) मी हेडफोन लावून एकट्याने ऐकलं, तिथेच चुकलो. ढोल, जमावाचे आवाज आणि नावं: पोलिसांच्या हातून, कोठडीत किंवा वंशद्वेषातून जीव गेलेल्या कृष्णवर्णीयांची. एरिक गार्नर, सँड्रा ब्लँड... एकाने नाव पुकारायचं, बाकीच्यांनी उचलायचं. मोर्चातच शोभणारी रचना. चाल अशी फारशी नाहीच. पण ओरडून ओरडून आवाज फाटतो, तिथे रडणं कुठलं आणि संताप कुठला, हे मला सांगता येत नाही.

2021 ची आवृत्ती फक्त स्त्रिया आणि मुलींची आहे. 61 नावं, 17 मिनिटं. खरं सांगतो, दहाव्या मिनिटाला कंटाळलो. बंद करायला बोट स्क्रीनवर नेलं, तेवढ्यात पुढचं नाव आलं.