बुलेटवाल्यांचं आरएक्स-प्रेम

यवतमाळात दारव्हा रोडला एक गॅरेज आहे. सुट्टीत पुण्याहून घरी आलो की माझी संध्याकाळ तिथे जाते. तिथे जमणारे आम्ही पाच-सहा जण सगळे बुलेटवाले. तेही जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक असलेल्या बुलेटवाले. बाकी कुठल्याही गाडीचं नाव काढलं की आम्ही नाक मुरडतो. पण रस्त्यावरून एखादी जुनी यामाहा आरएक्स १०० गेली की बोलणं थांबतं. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज ऐकू येईपर्यंत कुणी चहाचा घोट घेत नाही.

हे का होतं, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. खरं तर या दोन गाड्या म्हणजे दोन विरुद्ध मतं आहेत. बुलेटचं म्हणणं साधं आहे: इंजिन मोठं ठेवा, ताकद आपोआप येईल. ३४६ सीसी, १८ बीएचपी, एकच सिलिंडर, सावकाश ठोके. आरएक्स १९८५ साली एस्कॉर्ट्स आणि यामाहाच्या भागीदारीतून आली आणि १९९६ साली बंद झाली. ९८ सीसी, ११ बीएचपी, टू-स्ट्रोक. एकीचं वजन १६० किलोच्या वर, दुसरीचं शंभरच्या जरा पुढे. दर किलोमागे ताकद किती, हे भागून पाहिलं तर दोघींचं उत्तर जवळपास सारखं येतं. वर माणूस बसवला तर हिशेब उलट बुलेटकडेच झुकतो. म्हणजे आरएक्सची जादू आकड्यांत नाही. ताकद येते कशी, यात ती आहे.

बुलेटची ताकद बैलासारखी. जू मानेवर ठेवलं की लगेच ओढायला लागते. आरएक्स आधी काहीच करत नाही. खालच्या आरपीएमला ती एखाद्या लुनासारखी कुरकुरत जाते. मग एका टप्प्यावर काहीतरी उघडल्यासारखं होतं आणि पुढचं चाक हलकं पडतं. कारण तिच्या सायलेन्सरमध्ये आहे. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर पडलेल्या जळक्या वायूची लाट सायलेन्सरच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. हे गणित ठरावीक वेगालाच जुळतं. जुळलं की गाडी उडते.

अमेरिकेतही हाच प्रकार आहे. तिथे जुन्या मसल कार जपणारा मोठा वर्ग आहे. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ घ्या: ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. सीसीला पर्याय नाही, हा त्या लोकांचा धर्म. तरी त्यांच्यातल्या कित्येकांचा जीव १९७५ साली आलेल्या पोर्शे ९११ टर्बोत अडकलेला असतो. तिचं इंजिन जेमतेम तीन लिटरचं. तिच्यातही बाहेर पडणाऱ्या वायूवरच एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबतं. चक्राला वेग यायला वेळ लागतो, तोवर गाडी गरीब वाटते. मग एकदम लाथ बसते.

दोन्हीकडे मुद्दा एकच. बुलेट आणि व्ही-८ जो धूर आवाज करून फेकून देतात, त्याला आरएक्स आणि टर्बो कामाला लावतात. म्हणून मोठ्या इंजिनवाल्याला तिचं कौतुक वाटतं. आपल्याला जे कधी सुचलं नाही ते तिने केलेलं असतं. मला हे कौतुक आवडतं. आपल्याच गटाची आरती करणं सोपं असतं. विरुद्ध मताच्या गाडीवर प्रेम करायचं तर ती समजून घ्यावी लागते.

इथवर मी गॅरेजातल्या मंडळींच्या बाजूने आहे. माझी तक्रार आहे ती या प्रेमातून ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांच्याबद्दल.

आरएक्सच्या गोष्टी हा आता एक साहित्यप्रकारच झाला आहे. गॅरेजात, लग्नाच्या मांडवात, मोबाइलवरच्या रील्समध्ये त्या सतत चालू असतात. बारकाईने ऐकलं तर त्यांचे तीनच साचे सापडतात. पहिला पाठलागाचा: चोराकडे आरएक्स होती म्हणून पोलिसांच्या हाती लागला नाही. दुसरा शर्यतीचा: कुणा बुलेटवाल्याला सिग्नलवर कसं मागे टाकलं. तिसरा पश्चात्तापाचा: तेव्हा पाच-सात हजारांत देऊन टाकली, आज लाखाच्या वर मागतात. तिन्हींत वेग आहे, तारुण्य आहे, हरवल्याची हळहळ आहे. गाडी घरात आली कशी, ते कुठेच नाही. आणि बाई असली तर मागच्या सीटवर.

‘सैराट’मधली आर्ची २०१६ साली बुलेट चालवत आली तेव्हा थिएटरात शिट्ट्या का वाजल्या, ते यातून कळतं. आमच्या गोष्टींत हँडलवर बाईचे हात कधी नव्हतेच. तिकडेही वेगळं नाही. त्या पोर्शेला वळणावर भीतीने पाय उचलला तर मागून घसरायची खोड होती. म्हणून तिचे चाहते तिला ‘विधवा करणारी’ म्हणतात, तेही कौतुकाने. म्हणजे त्या गोष्टीत बाई आहे, पण चालवणारा मेल्यावर. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा शब्द कौतुकाने उच्चारता येत नाही.

हे मला आधी सुचलं नव्हतं. आमच्या घरी गावाला एक आरएक्स आहे. काकांची, १९९० सालची. पंधरा वर्षं ती गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. गॅरेजात हे सांगितल्यापासून मंडळी माझ्या मागे लागली होती. इंजिन उघडू, बोअर करू, मूळ काळा रंग देऊ. गेल्या दिवाळीत मी गावाला गेलो आणि ताडपत्री काढली. काकू बाहेर येऊन पाहत राहिली. मी तिला उत्साहाने सांगायला लागलो की ही गाडी म्हणजे काय चीज आहे. सायलेन्सरचं गणितही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “गाडी नाही रे बाप्पा थे. माह्या बाबाची बैलजोडी होय.”

लग्नात जावयाला हीच गाडी पाहिजे म्हणून आमच्याकडच्यांनी अडून धरलं होतं. तिच्या वडिलांनी पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली आणि त्या वर्षी भाड्याच्या बैलांनी कापूस लावला. मला हे माहीत नव्हतं. काकांच्या तोंडून मी या गाडीच्या निदान वीस गोष्टी ऐकल्या असतील. आर्णीहून यवतमाळला किती मिनिटांत आलो, कुणाला मागे टाकलं. बैल त्यांतल्या एकाही गोष्टीत नव्हते.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. त्यात एक कलम असंही आहे की दुसऱ्या कुणी हुंडा घेतला असेल तर तो त्याने बायकोच्या नावे करून द्यायचा, तोवर तिच्यासाठी सांभाळायचा. आमच्या गाडीच्या आरसी बुकावर अजून काकांचं नाव आहे.

मी काकूला विचारलं, हिचं काय करू? वाटलं होतं, फेकून दे म्हणेल. तिने विचारलं, “किती येतात म्हणलास?” मी आकडा सांगितला. “तं इक. पैसे माह्याजवळ दे.” काका ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं, पण काही बोलले नाहीत.

परतल्यावर मी हे गॅरेजात सांगितलं. पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे होती: आरएक्स विकतात का भाऊ? घरची गाडी, आठवण असते. मी विचारलं, कुणाची? त्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातला सगळ्यात थोराड, ज्याच्याकडे पश्चात्तापाच्या गोष्टी सगळ्यात जास्त आहेत, तो म्हणाला, “आमच्या घरची बी तशीच आली होती.” त्याच्या आईची नव्हे, बायकोची. त्याने ती सात हजारांत विकली होती. ते पैसे कुणाकडे गेले, हे त्याला त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

आरएक्स वाईट गाडी आहे, असं मला म्हणायचं नाही. तो आवाज आला की मी अजूनही थांबतो, पुढेही थांबेन. गाडीचा काही दोष नाही. पण एखाद्या वस्तूवर खरंच प्रेम असेल तर तिची पूर्ण गोष्ट ऐकायची तयारी हवी. इंजिन उघडताना आम्ही प्रत्येक नट कुठून निघाला ते लिहून ठेवतो. गाडी कुठून आली, ते लिहून ठेवायलाही हरकत नसावी.

आरसी बुकावर काकूचं नाव लावायचा अर्ज मी भरून ठेवला आहे. काकांची सही व्हायची आहे. त्यानंतरच गिऱ्हाईक बघायचं, असं काकूने बजावलं आहे.