सासवण्याची म्हैस आणि पुण्याचा घोडा

विनायक पांडुरंग करमरकर हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते बहुधा एका घोड्यामुळे. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात उभा असलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, १९२२ मध्ये या कामामागचे बळ असलेले शाहू महाराज गेले, पुढे राजाराम महाराजांनी ते काम तडीस नेले आणि १९२८ च्या जूनमध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. कित्येक टनांचा हा ब्राँझ माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. मात्र त्या पराक्रमाच्या सावलीत करमरकरांचे दुसरे काम झाकले गेले. कलेतिहासाच्या पुस्तकांत ते ‘वास्तववादी’, ‘व्यक्तिशिल्पकार’, ‘स्मारकशिल्पकार’ अशा तीन शब्दांत आटोपतात. या तिन्ही शब्दांत न बसणारे करमरकर पाहायचे असतील तर सासवण्याला जावे लागते.

गेटवेहून मांडव्याला उतरावे आणि रेवस-अलिबाग रस्त्याला लागावे. या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष पुढच्या किहीमच्या किनाऱ्याकडे असते, त्यामुळे सासवणे मागे पडते. करमरकरांचा जन्म इथलाच, १८९१ चा. १९६७ साली ते गेले. त्यांचे घर आणि त्यातली शिल्पे कुटुंबीयांनी जपली व लोकांसाठी खुली केली. लहानमोठी मिळून सुमारे दीडशे शिल्पे इथे आहेत. त्यांपैकी बरीचशी सिमेंटची आहेत, आणि या लेखाचा विषय खरे म्हणजे तो सिमेंटच आहे.

त्याआधी एका आख्यायिकेबद्दल. करमरकरांवरच्या प्रत्येक लेखाची सुरुवात ऑटो रॉथफिल्ड या कुलाब्याच्या कलेक्टरपासून होते. साहेब गावात आले, देवळाच्या भिंतीवर एका मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र त्यांना दिसले, त्यांनी मुलाची चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडले. गोष्ट खरी आहे, आणि रॉथफिल्डना नजर होती यातही शंका नाही. धुरंधरांची चित्रे असलेले ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक याच रॉथफिल्डांचे. तरीही ही गोष्ट आपण नेहमी साहेबाच्या बाजूने सांगतो. साहेब येण्याआधी ते चित्र भिंतीवर होतेच ना? देवळाच्या भिंतीवर एका पोराला कोळसा की गेरू चालवू देणारे, आणि काढलेले चित्र पुसून न टाकणारे गाव त्याआधी होते. म्हणजे पहिला प्रेक्षक रॉथफिल्ड नव्हेत, सासवणेकर. हा बारकावा मला महत्त्वाचा वाटतो, कारण देशोदेशी फिरून हा शिल्पकार अखेर याच प्रेक्षकाकडे परतला.

मधला प्रवास थोडक्यात असा. जे. जे. नंतर कलकत्ता, तिथे सुरेंद्रनाथ टागोरांच्या प्रोत्साहनाने स्वतःचा स्टुडिओ, मग लंडनला रॉयल अकॅडमीत अभ्यास, परत आल्यावर पुण्याचे काम. माणसाचे हुबेहूब डोके घडवणारा, वेळेत काम देणारा शिल्पकार म्हणून नाव झाले. घरातल्या खोल्यांतून फिरताना या कीर्तीचा पुरावा पुरेपूर मिळतो: ओळीने मांडलेली डोकी आणि अर्धपुतळे. यांतली काही उत्तम आहेत. बरीचशी कर्तव्यबुद्धीने केलेली आहेत. मागणी आली, माप घेतले, काम दिले. मिशीचा पीळ आणि पगडीची घडी बिनचूक, पण माणूस आपल्याकडे पाहत नाही. काही भावपूर्ण स्त्रीमुखे त्या काळच्या प्रदर्शनांच्या अभिरुचीला शोभणारी आहेत, आज ती जरा गोड वाटतात. हे नमूद केलेले बरे, नाहीतर ‘गावचा थोर कलावंत’ या आदरापोटी सगळेच थोर ठरते आणि जे खरोखर थोर आहे ते ओळखता येत नाही.

ते ओळखायचे तर म्हशीपाशी थांबावे.

ब्राँझची म्हैस कोणी करवून घेत नाही. ब्राँझला गिऱ्हाईक लागते: संस्थान, नगरपालिका, निदान एखादा शेठ. धातू महाग, भट्टी आपली नाही, ओतारी दुसरा. त्यामुळे ब्राँझमध्ये काय घडायचे ते पैसे देणारा ठरवतो आणि तो राजाच निवडतो, म्हैस नाही. सिमेंटचे तसे नाही. आधी मातीत आकृती घडवायची, तिच्यावर प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, आत लोखंडी सळया ठेवून सिमेंट-वाळूचे मिश्रण भरायचे, ते पक्के झाले की साचा छिन्नीने जपून फोडायचा. साचा जातो, मूर्ती राहते. हे सगळे अंगणात, दोन-तीन मदतनिसांच्या जोरावर होते. मातीशी खेळण्याची सवय या जिल्ह्याच्या अंगात आहे; गणपतींचे पेण इथून फार लांब नाही. सिमेंटमुळे करमरकरांना जे मिळाले ते म्हणजे आश्रयदात्याला न विचारता माणसाएवढी, जनावराएवढी आकृती करण्याची मोकळीक. त्या मोकळिकीत त्यांनी काय निवडले पाहा: म्हैस, कुत्रा, हमाल, कोळीण.

पुण्याच्या घोड्यात आणि या म्हशीत फरक आहे तो आकाराचा नव्हे, नजरेचा. घोडा खालून वर पाहायचा असतो, तो चौथऱ्यासाठीच योजलेला. म्हैस आपल्या पातळीवर आहे. सिमेंटचा राखी, किंचित खरबरीत पोत तिच्या कातडीला आयताच जमला आहे. चकाकणाऱ्या धातूत हे वजन आले असते, पण हा निवांतपणा आला नसता. ज्याने म्हैस रोज पाहिली आहे त्याला पटेल अशी ती झाली आहे. आणि त्याला पटणे हीच इथली परीक्षा. प्रदर्शनातल्या परीक्षकाला अश्वाच्या शरीररचनेचे नियम माहीत असतात. गावातल्या माणसाला नियम माहीत नसतील, पण म्हैस चुकली तर तो बोलल्याशिवाय राहणार नाही.

इथे एक तुलना टाळता येत नाही. १९३८ च्या सुमारास शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उघड्यावर, सिमेंट आणि खडी वापरून उभे केले. भारतीय आधुनिक शिल्पाची सुरुवात तिथून मोजतात, आणि ते योग्यच आहे. रामकिंकरांनी सिमेंट सांगाड्यावर हाताने मारले, खडी दिसू दिली, आकृती जमिनीतून उगवल्यासारखी ठेवली. करमरकरांचा सिमेंट मात्र मातीची आज्ञा पाळतो. साच्यातून येतो, आपले सिमेंटपण पुढे करत नाही. या एका फरकावर रामकिंकर ‘आधुनिक’ आणि करमरकर ‘जुन्या वळणाचे’ असा निकाल लागून गेला. माझ्या मते निकाल घाईचा आहे. हाताळणीच्या बाजूने रामकिंकर कितीतरी पुढे आहेत, यात वादच नाही. परंतु श्रमाने जगणारा माणूस आणि त्याचे जनावर हे विनामागणी, पूर्ण आकारात, स्वस्त सामग्रीत घडवण्याजोगे विषय आहेत, ही जाण दोघांचीही. रामकिंकरांपाशी शांतिनिकेतनसारखी संस्था आणि तिच्यावर लिहिणारी मंडळी होती. सासवण्याला कोण लिहिणार होते?

अश्वारूढ राजा आणि डोक्यावर ओझे घेतलेला हमाल एकाच हाताने केले, याचा अर्थ लावताना आपण सहसा पहिल्याला ‘मोठे काम’ आणि दुसऱ्याला ‘फावल्या वेळचे’ म्हणतो. सासवण्याच्या अंगणात ही उतरंड उलटी होते. इथे पैसे देणारा कोणी नव्हता म्हणूनच हमालाला अंग आहे, वजन आहे, आणि कोळणीला कोणाची परवानगी न मागणारा ताठा आहे. हा पट्टा कोळी-आगरी वस्तीचा. ज्यांना पाहून हे घडले ते लोक आसपासचेच. शिल्प आणि त्याचा विषय एकाच हवेत राहतात असे संग्रहालय महाराष्ट्रात मला दुसरे आठवत नाही. मुंबईच्या वातानुकूलित दालनात ही कोळीण नेली तर ती ‘कोळी स्त्री’ या नावाचा एक प्रकार होईल. इथे ती शेजारीण आहे.

पण ही हवाच तिच्या मुळावर आहे. समुद्राकाठच्या हवेतले मीठ ओलाव्याबरोबर सिमेंटमध्ये मुरते आणि आतल्या सळईपर्यंत पोचले की लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे शिल्प आतून फुगते. बाहेर प्रथम केसासारखी भेग दिसते, मग तांबूस ओघळ, मग पापुद्रा सुटतो. किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या स्लॅबखाली उभे राहून हे पाहता येते. वरून सिमेंटचा लेप किंवा रंग दिला की भेग झाकते आणि रोग आत चालू राहतो. शांतिनिकेतनातल्या ‘संथाळ कुटुंबा’वरही छप्पर घालावे लागले.

यावर एक उपाय कधीतरी कोणीतरी सुचवेलच: ही शिल्पे ब्राँझमध्ये ओतून घ्या, म्हणजे टिकतील. सूचना सद्भावनेची असेल, पण तिला विरोध करायला हवा. ब्राँझची म्हैस टिकेल, पण ती करमरकरांनी केलेली निवड राहणार नाही. ज्या धातूपासून आणि ज्या आश्रयापासून सुटण्यासाठी त्यांनी सिमेंट घेतला, त्याच धातूत ती परत जाईल. जतनाचे खरे काम याहून कंटाळवाणे आणि स्वस्त आहे. प्रत्येक शिल्पाची चारी बाजूंनी छायाचित्रे दर पावसाळ्यानंतर काढायची, भेगांची लांबी मोजून लिहायची, आतल्या सळया कुठे आहेत ते यंत्राने तपासून आराखड्यावर मांडायचे, दुरुस्ती झाली असेल तर कोणत्या साली व कशाने हे नोंदवायचे. आणि त्याच वहीत दुसऱ्या बाजूने, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, कोणत्या शिल्पासाठी कोण बसले होते आणि म्हैस कोणाच्या गोठ्यातली होती, तेही उतरवायचे. करमरकर गेल्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला; त्यांना काम करताना पाहिलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत.