‘ख्रिस्तपुराणा’तील वैकुंठ

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द योजिला. पुराणश्रवणात वाढलेल्या श्रोत्यांस तो परका वाटला नाही, हे ग्रंथाचे मोठे यश होय. तथापि वैकुंठ म्हणजे केवळ मरणोत्तर गाठावयाचे स्थान, असे मानून वाचक तेथेच थांबतो. हा दोष ग्रंथाचा कमी, आमच्या वाचनाचा अधिक. ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र आहे. त्यातील तारक रोग्यांस बरे करीत, भुकेल्यांस जेवू घालीत गावोगाव हिंडतो.

पेडणे व डिचोली हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तेथे ख्रिस्ती थोडे. शेजारी भजनात वैकुंठाचे नाव घेणारा. ‘तुमचे वैकुंठ तुम्हांस येथे काय करावयास लावते?’ असे त्याने विचारल्यास, खाणींनी पोखरलेल्या डिचोलीच्या डोंगरांसमोर आमचा धर्मशिक्षक काय सांगेल? नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी मंदावू नये, उलट वाढावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकविले. प्रवचनात वैकुंठाची ओवी म्हणताना शेजाऱ्याच्या या प्रश्नासही उत्तर द्यावे; तरच ती आशा ख्रिस्ती ठरेल.